लोण्यातलं पाणी

अप्पा, माझ्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या समोरच्या मोठ्या रक्तवाहिनीभोवतीची चरबी सुजेनं तापलेली आहे, असं गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आणि ज्यांनी चित्रं वाचली होती त्या बाईंनी फोनवर त्याला दुजोरा दिला. त्याच दोघांनी त्याच बैठकीत असंही सांगितलं, की रक्तवाहिनी आतून जवळजवळ स्वच्छ आहे, अडथळा कुठंच नाही. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे दिले. या बातमीला काय मथळा द्यावा, ते आज रविवार आला तरी सुचत नाही. 'धोका नाही' म्हटलं तर खोटं होतं, 'धोका आहे' म्हटलं तर घर घाबरतं, आणि 'धोका असू शकतो' असं कुणी माझ्या टेबलावर आणून ठेवलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

तसं माझं काही दुखत नव्हतं. रायापूरच्या घरी तीन जिने आहेत. दिवाळीनंतर दुसऱ्या जिन्यावर छातीत काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं आणि तिसऱ्यावर सुटायचं. मी ते वयावर टाकलं. तुमच्या सुनेनं (जिला तुम्ही पाहिलंच नाहीत) टाकू दिलं नाही. "तुमची छाती म्हणजे तुमचा पेपर आहे," ती म्हणाली, "आत काय चाललंय ते घरच्यांना सगळ्यात शेवटी कळणार." मग मी हुबळीला गेलो. नाडी मंद करायची गोळी दिली, दंडातल्या शिरेतून औषध सोडलं, ते अंगभर कोमट पाण्यासारखं पसरलं, आणि एका मोठ्या कड्यात सरकवून श्वास रोखायला सांगितलं. दहा मिनिटांत संपलं. गुरुवारी निकाल ऐकायला गेलो, रक्तवाहिन्या चांगल्या निघाल्या तेव्हा मी उठलोच होतो. डॉक्टर म्हणाले, बसा सर, अजून एक आहे. हीच चित्रं त्यांनी बाहेर पाठवून दुसऱ्या रीतीनं वाचून घेतली होती. आपल्याकडे हे अजून रोजचं झालेलं नाही. त्यात रक्तवाहिनीच्या आत बघत नाहीत, बाहेर बघतात. तिच्याभोवती जी चरबी असते ती बघतात.

डॉक्टर धारवाडचे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आम्ही कन्नडमध्येच बोललो. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या चित्रात रक्तवाहिनी करडी, आणि तिला लपेटून पिवळा रंग, त्यात मधे मधे लाल. मी विचारलं, लाल म्हणजे काय? ते म्हणाले, रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून सूज असली की तिच्या शेजारची चरबी नीट चरबी होत नाही. तिच्यात तेलाचा अंश कमी पडतो, पाण्याचा वाढतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला कळतो. भिंत फुगून रस्ता अडवायच्या कितीतरी आधी शेजारी बोलायला लागतात.

"म्हणजे लोण्यात पाणी," मी म्हणालो.

ते हसले. "तुमचा धंदा लोण्याचा?"

"वडिलांचा. आता भावाचा."

"मग तुम्हाला मी काय समजावणार? तेच आहे. पाणी."

अप्पा, मी त्या खुर्चीत बसून तुमची सळई बघत होतो. जुन्या हुबळीतलं आपलं दुकान, दोन पायऱ्या, दारातच पाटावर बसलेले तुम्ही, मांडीवर ओलं फडकं. खेड्यातून बाया मडक्यातून लोणी आणतात. पाण्यात तरंगणारे पांढरे गोळे, वर पळसाचं पान. तुम्ही गोळा हातात घेत नाही. आधी ती वीतभर लोखंडी सळई मधोमध घालता, फिरवता, सावकाश बाहेर काढता. सळई तुपकट निघाली तर एक, ओली निघाली तर दुसरं. मग नाकाशी. मग मनगटाच्या मागच्या बाजूला एक रेघ. आणि तरीही शंका राहिली तर स्टोव्हवर पळीत थोडंसं टाकायचं आणि ऐकायचं. ज्यात पाणी जास्त ते तडतडतं. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तडतडतं आणि त्या बाईचं तोंड उतरतं.

मी कॉलेजात होतो त्या सुट्टीत तुम्ही मला एक दुपार दुकानात बसवून जेवायला गेलात. कलघटगीकडच्या खेड्यातली एक म्हातारी आली. तिचा गोळा इतका गुळगुळीत, इतका पांढराशुभ्र, की मी तो तसाच तराजूत ठेवला आणि तिला पान खायला बसवलं. तुम्ही आलात, बसायच्या आधी सळई घातली. टोकावरून थेंब पडला. "अव्वा, नीर अद," तुम्ही तिला म्हणालात. पाणी आहे यात. ती काय कमी होती? "पाणी नसतं तर लोणी वर आलं असतं का अप्पा?" असं कन्नडमध्ये म्हणाली आणि पानाची पिंक टाकायला उठली. तुम्ही हसलात, तिचा गोळा तिला परत दिलात आणि पुढच्या आठवड्यात पिळून आण म्हणालात. रागावलात ते माझ्यावर. "डोळ्यांनी लोणी घेतात होय रे? डोळे गुळगुळीत बघून भुलतात. सळई घातल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

सगळी नोकरी मी त्या वाक्यावर केली. वार्ताहर धावत येऊन काहीही सांगू दे, मी विचारायचो, सळई घातलीस? हाताखालच्यांना हे काय ते ठाऊक नव्हतं, पण शब्द लागू पडायचा. ज्या बातमीला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही ती माझ्या पानावर गेली नाही. एकच गेली. ती घरची होती, आणि गुरुवारी मी तीच पुन्हा दिली.

डॉक्टरांनी कागद ओढला आणि विचारलं, घरात कुणाला हृदयाचं? मी म्हणालो, वडील. वय? त्रेपन्न. कसं झालं? दुकानात बसल्या जागी. आधी काही त्रास? छातीत दुखणं, घाम, जळजळ, दम? मी म्हणालो, "नाही. काहीच नव्हतं. त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडण झालं होतं." त्यांनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाले, सर, भांडणानं माणूस असा जात नाही. आत बरीच वर्षं काहीतरी चाललेलं असणार, भांडण म्हणजे फार तर शेवटचा धक्का. मी विचारलं, हे नक्की? ते म्हणाले, नक्की कसं सांगू? तुमच्या वडिलांचं चित्र नाही ना आपल्याकडे. तुमचंही मी नक्की सांगत नाही. शक्यता सांगतो. ही गोळी घ्या, चाला, आणि सख्खे भाऊ असतील तर त्यांना आणा.

मला वाटलं होतं, 'भांडणानं माणूस जात नाही' हे वाक्य कधी कुणी उच्चारलं तर मी रडेन. अडतीस वर्षं मी त्याची वाट बघितली. ते कानावर पडलं आणि मी पार्किंगची चिठ्ठी कुठं ठेवली ते शोधत राहिलो.

त्या सकाळचं तुम्हाला सांगायला नको, पण मला पुन्हा एकदा सांगू द्या. बेळगावच्या दैनिकातून मला पत्र आलं होतं, सोमवारी रुजू व्हा. मी ते तुम्हाला दुकानात, गिऱ्हाइकासमोर दाखवलं. मुद्दाम. घरी दाखवलं असतं तर आई मधे पडली असती. तुम्ही म्हणालात, दुसऱ्याचं खोटं लिहायला शिकवलं होतं का तुला? मी म्हणालो, तुमच्यासारखं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लोण्यात सळया खुपसत बसायचं नाही मला. तो शब्द 'खुपसत' मी निवडून वापरला, शब्दांचं मला तेव्हापासूनच कळत होतं. मी निघून गेलो. दुपारी शेजारचा भांड्यांचा दुकानदार सायकलवरून घरी आला. तुम्ही पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकला होतात आणि सळई हातातच होती.

तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, पोराच्या शब्दानं गेला माझा भाऊ. आई कधीच असं म्हणाली नाही. पण 'नाही' असंही तिनं कधी म्हटलं नाही, जाईपर्यंत. धाकटा एकोणीस वर्षांचा. त्यानं कॉलेज सोडलं आणि तुमच्या पाटावर जाऊन बसला. मी पंधरवड्यानं बेळगावला गेलो. जाताना त्यानं तुपाचा एक डबा माझ्या हातात दिला. तोंडाला फडकं बांधलेला, वर खडूनं माझं नाव, तुमच्या अक्षरात. दुकानाच्या मागच्या फळीवर सापडला म्हणाला. तुम्ही तो भांडणाआधी बांधलात की भांडणानंतर, हे कळायला मार्ग नाही. आधी बांधला असेल तर तुम्हाला पत्राचं आधीच ठाऊक होतं. नंतर बांधला असेल तर मला त्याचा अर्थ अजून लागत नाही. ते तूप मी खाल्लं नाही. वर्षभरानं खवट झालं तेव्हा टाकलं, आणि ते टाकायला नको होतं असं मला आजही वाटतं.

तर शुक्रवारी मी दुकानात गेलो. आता तिथं डेअरीचे पुडे जास्त, लोणी कमी. पण खेड्यातल्या दहा-बारा बाया अजून येतात आणि पाट तोच आहे. धाकटा सत्तावन्नचा झाला. अंगानं तुमच्यासारखाच, सडसडीत.

"या संपादक," तो म्हणाला, "वाट चुकलात?"

"तुलाच न्यायला आलोय. दवाखान्यात."

"का? तुला सोबत पाहिजे? एवढ्या मोठ्या माणसाला सुई टोचून घ्यायची भीती वाटालीय?"

मी त्याला सगळं सांगितलं. रक्तवाहिनी स्वच्छ, भोवतालची चरबी लाल. त्याला स्वच्छ एवढंच ऐकू गेलं. "मग पेढे दे की! उगीच तोंड पाडून काय बसलास? बिनकामाच्या माणसाला रोगसुद्धा सापडत नाही, तर शेजाऱ्याचा घेऊन आला." मग मी पाण्याचं सांगितलं. सूज असली की चरबीत पाणी वाढतं आणि यंत्राला ते बाहेरून कळतं. त्याचा हात फडक्यावर थांबला.

"सळई न घालता?"

"सळई न घालता."

"वास न घेता? तडतड न ऐकता?"

"नुसतं बघून."

"डोळ्यांनी," तो म्हणाला, आणि तुमच्यासारखाच नाकातून हसला. "अप्पांनी चांगलं हाणलं असतं त्या डॉक्टरला." मग फडकं झटकून पुन्हा मांडीवर घातलं. "किती पाणी आहे ते पण सांगतंय?"

"कमी का जास्त ते सांगतंय."

"हां. मग एकदा बघायला पाहिजे यंत्र."

म्हणजे तो तपासायला निघालाय ते यंत्राला, स्वतःला नव्हे. मला चालेल. मी हो म्हणायच्या आत त्यानं पाटाखालून गोळी सोड्याची बाटली काढली, अंगठ्यानं गोळी आत ढकलली, अर्धी बाटली रिकामी केली आणि छातीवरून तळवा फिरवला. मी विचारलं, हे काय? "जळजळ. मागच्या आठवड्यात गिरमीट खाल्लं होतं, त्यावर मिरची भजी. आठवडाभर येतेय, जातेय. तुझ्या वैनीला..." तो माझ्या बायकोला वैनी म्हणतो आणि स्वतःच्या बायकोचा विषय काढताना 'तुझ्या वैनीला' असंच म्हणतो, गोंधळला की. "आमच्या हिला सांगू नकोस म्हणतोय. डोकं खाईल. एन आगंगिल्ल."

काही होत नाही. एन आगंगिल्ल. अप्पा, हे शब्द त्यानं तुमच्या तोंडून ऐकलेले नाहीत. निदान त्या वेळी नाहीत. त्या वेळी तिथं फक्त मी होतो.

भांडणाच्या चार दिवस आधीची गोष्ट. आपण दोघं स्टँडवरून दुकानाकडे चालत येत होतो. कापडवाल्याच्या ओट्यापाशी तुम्ही बसलात. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत. तळवा छातीवर. "जळजळ होतेय. रात्रीची भजी." मी समोरून सोडा आणला. तुम्ही प्यालात, ढेकर दिलात, हसलात. "आईला सांगू नकोस. ती उगीच डोकं खाईल. एन आगंगिल्ल." दोन दिवसांनी दुकानाच्या पायऱ्यांवर पुन्हा तेच. त्या वेळी डावा हात दाबत होतात. मी पुन्हा सोडा आणला. आणि सांगितलं नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आत्या जे म्हणाली ते मी मान खाली घालून घेतलं, आणि सगळ्यांना वाटलं पोरगा किती पस्तावलाय. भांडण हा मला परवडणारा गुन्हा होता. भांडणात दोघं असतात, तरुणपणी सगळेच भांडतात, लोक ऐकून घेतात आणि चार वर्षांनी माफही करतात. सोड्याच्या बाटल्यांना माफी कुणी दिली असती? म्हणून मी भांडणाची बातमी छापली, आणि ती इतक्या वर्षांत माझ्यासकट सगळ्यांना पाठ झाली. सळई न घातलेला एक गुळगुळीत गोळा मी घरात ठेवला आणि धाकटा त्याच्याशेजारी म्हातारा झाला.

शुक्रवारी मात्र मी दुकानाच्या पायऱ्या उतरून कोपऱ्यावर गेलो आणि त्याच्या बायकोला फोन केला. तो 'सांगू नकोस' म्हणाला होता तेही सांगितलं. ती ओरडली नाही. "मला ठाऊक होतं भावजी," ती म्हणाली, "कपाटामागं रिकाम्या बाटल्या आहेत. ते तुमच्याशी कधी बोलतात याची वाट बघत होते." अर्ध्या तासात ती रिक्षानं दुकानात हजर. तो मला बघून म्हणाला, "पेपरवाल्याच्या पोटात कधी राहिलंय काय?" तिनं संध्याकाळीच त्याला डॉक्टरांकडे नेऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घेतली आणि रक्त तपासून घेतलं. पट्टी आणि रक्त ठीक आलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे म्हणून थांबायचं नाही, सोमवारी सकाळी चित्रं काढू, मधे त्रास झाला तर लगेच या. तेव्हापासून ती त्याला एकटं सोडत नाही. आज सकाळी त्यानं मला फोन करून विचारलं, यंत्रात जाताना जानवं काढायला लागतंय काय. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग ठीक.

मी स्वतःच्या लाल रंगाचं काय करायचं ते अजून मला कळलेलं नाही. गोळी घेतो. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून ऐकतो, काही तडतडतंय का. कधी वाटतं, तुमच्याभोवतीही हाच लाल रंग होता आणि मी सांगितलं असतं तरी त्या काळात हुबळीत कुणाला काय करता आलं असतं? मग वाटतं, निदान झोपवून तरी ठेवलं असतं. मग वाटतं, हे मी आता डॉक्टरला विचारू शकतो, आणि विचारावंसं वाटत नाही. कारण तो म्हणेल, नक्की सांगता येत नाही, शक्यता सांगतो.

उद्या साडेनऊची वेळ आहे. आधी आत बोलावून डॉक्टर माहिती लिहून घेतात. ते धाकट्याला विचारतील, वडील कसे गेले, आधी काही त्रास? तो सरळ सांगेल, "काही नव्हतं, एकदम गेले. अण्णाशी जरा वाजलं होतं सकाळी." आणि मला वाईट वाटू नये म्हणून 'जरा' हा शब्द तो घालेल, दरवेळी घालतो. डॉक्टर मान हलवतील, कारण माझ्याही कागदावर तेच आहे. मी शेजारच्या खुर्चीत असेन. तेव्हा मला बोलावं लागेल, कारण यंत्र कितीही बघो, 'आधी जळजळ होती, घाम होता, हात दुखत होता' ही एक ओळ त्याच्या कागदावर असणं आणि नसणं यात फरक आहे. मग तो वळून माझ्याकडे बघेल. त्यापुढचं मला दिसत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून त्यात एक गोष्ट लिहून ठेवतो, जी उद्याही मी सांगणार नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून मी आईला सांगितलं नाही, असं मी आत्तापर्यंत स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. बेळगावचं पत्र तेव्हा माझ्या खिशात आलेलं होतं. तुम्ही आजारी आहात असं घरात कळलं असतं, तर त्या सोमवारी मला कुणी जाऊ दिलं नसतं.